रेडिओ, म्हैस आणि खडकांचे प्रकार

म्हशीच्या कानाशी धरलेला फोन.

वसतिगृहाच्या भिंतीवर आदळलेली चप्पल.

पाढा चुकला, बादली उडाली.

"तुमच्या हातांना काय होतंय?" असं विचारणारे परीक्षक.

आता नीट सांगते. आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच. अलीकडे आमची चूल, पलीकडे त्यांचा गोठा. त्यांची मुलगी शाळेत जायला लागली आणि थोड्याच दिवसांत धारेलाही बसायला लागली. हात अडकलेले, तोंड रिकामं. मग पुस्तक गव्हाणीवर टेकवायचं आणि धार काढता काढता मोठ्यानं वाचायचं. पाढे, राजे, अपूर्णांक, बेडकाचं हृदय, सगळं भिंतीतून आमच्या चुलीपर्यंत यायचं. गल्लीनं तिचं नाव रेडिओ ठेवलं. आमच्या सासूबाई तर भाकरी थापताना राजांच्या लढाया पुढे सरकल्या का म्हणून कान लावून बसायच्या.

शाळा संपली. रेडिओला विद्यापीठात भूशास्त्राला प्रवेश मिळाला. गल्ली नाचायची तेवढी बाकी राहिली. बसच्या टपावर तिची वळकटी चढवायला सहाजण, आणि वळकटी एवढीशी.

त्याच संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला.

"रुसली असेल," रेडिओचे बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशीही रुसली. तिसऱ्या दिवशी तिच्या आईच्या ध्यानात आलं. धड्याशिवाय दूध सोडायचं असतं, हे त्या म्हशीला कुणी शिकवलंच नव्हतं.

"घर दुधावर चालतं," बाबा म्हणाले. "असंच राहिलं तर पोरीला बोलावून घेऊ. दगडधोंडे कुठे पळून जात नाहीत. पुढच्या वर्षी शिकेल."

"पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही," आई म्हणाली.

"तू तर असं बोलतेस, जसा काही मी तिचा सावत्र बापच आहे."

"सख्खे आहात ना? मग बसा, पाढे म्हणा."

बाबा बसले. सात एके सातपासून उत्साहात निघाले. सात चोक सव्वीसला म्हशीनं लाथ घातली आणि बादली अंगणात गेली.

"हिला उत्तरं येतात की काय?" बाबा कोपर चोळत म्हणाले.

"उत्तरं नाही, तुमचा आवाज कळतो."

मग आईनं फोनची युक्ती काढली. सकाळ-संध्याकाळ रेडिओ वसतिगृहाच्या व्हरांड्यातून वाचायची, इकडे आई एका हातानं फोन म्हशीच्या कानाशी धरायची, बाबा धार काढायचे. पहिल्याच सकाळी शेजारच्या खोलीतून भिंतीवर चप्पल आपटली. दोन दिवसांनी ती चप्पलवाली उशी घेऊन व्हरांड्यातच येऊन बसली. "रूपांतरित खडकाच्या पुढचं परत वाच गं. माझाही तोच पेपर आहे."

असं सुरळीत चाललं ते तोंडी परीक्षेपर्यंत. त्या दिवशी परीक्षा लांबली. मुलांचे फोन बाहेर टोपलीत, रेडिओ रांगेत, आणि इकडे धारेची वेळ टळून चाललेली. आईनं फोन लावला. वाजत राहिला. म्हैस तटतटलेली, पण सडातून टिपूस नाही.

"झालं," बाबा म्हणाले. "उद्याच्या पहिल्या गाडीनं जातो आणि घेऊन येतो तिला."

आईनं फोन गव्हाणीवर ठेवला. बाबांना उठवलं. स्वतः बसली, पदर खोचला.

"खडकांचे प्रकार तीन," ती म्हणाली. "अग्निजन्य. स्तरित. रूपांतरित."

बादलीत पहिली धार वाजली.

"अग्निजन्य म्हणजे पोटातून उकळत वर आलेला. पुढे... पुढे..."

"बेसाल्ट, अगं, बेसाल्ट!" आमच्या सासूबाई भिंतीवर पिठाचा हात आपटत ओरडल्या.

"हां, बेसाल्ट. मग ग्रॅनाइट. मग त्याचा मुलगा गादीवर बसला..."

"तो राजा होता," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. दूध येतंय."

येत होतं. संगमरवरानं दोन लढाया जिंकल्या, बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे निघाले, सासूबाई हसता हसता चुलीपाशी आडव्या झाल्या, आणि बादली फेसानं काठापर्यंत आली.

तिकडे काय झालं ते रेडिओनं मागाहून सांगितलं. परीक्षकांनी तिच्यापुढे एक दगड ठेवला आणि तिची बोबडी वळली. काहीच आठवेना. शेवटी तिनं मुठी वळल्या आणि हवेतच ओढायला लागली. डावी, उजवी, डावी, उजवी. लगेच दगडाचं नाव आलं, मागोमाग त्याचं सगळं खानदान.

"तुमच्या हातांना काय होतंय?"

"धार काढतेय, सर."

परीक्षकांनी शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक बाईंकडे पाहिलं. "मग थांबू नका," ते म्हणाले.

टोपलीतून फोन मिळाल्याबरोबर तिनं घरी लावला.

"आई, दूध?"

"बादली भरून. तुझं?"

"माझीपण भरून."

"मग आता रोज फोन नको करूस. म्हशीचं मी बघते. तू तुझे दगड बघ."

मग रेडिओ म्हणाली, "फोन गोठ्यातच राहू दे ना. धारेचा आवाज नसला की माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

बाबांनी उद्याच्या गाडीचं नाव काढलं नाही. फोन पुसला मात्र, आईच्या हाताचा फेस गेला होता आत.

रेडिओची आई लहान असताना एक पावसाळा शाळेत गेली होती. मग घरची म्हैस व्याली आणि तिला धारेसाठी घरी ठेवलं, पुढच्या वर्षी परत पाठवू म्हणून.