दारातला समुद्र

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाने गिरण्या बंद होत्या, म्हणून कुशाबाच्या गाण्याचा अर्थ लावायला आमची घोडपदेवची अख्खी चाळ बसली. शेवंतीसाठी त्याने रचलं होतं, ‘तुझ्या दारात समुद्र आणीन.’ अर्थ कळल्याशिवाय ती लग्नाला हो म्हणणार नव्हती.

“समुद्र म्हणजे आसवं,” दत्ताराम म्हणाला.

“मेल्या, लग्नाआधीच रडवतोस तिला?” जाईबाईने त्याला गप्प केलं.

शेवटी शेवंतीने कुशाबालाच विचारलं.

“समुद्र बघितला की वाटतं, हा तुला दाखवावा,” तो म्हणाला. “पण तू कुठे येतेस?”

“मग आणतोस कशाला? मीच येते की.”

वरळीला ती हो म्हणाली, तेव्हा ते ऐकायला समुद्र इतका पुढे सरकला, की मुंबईच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, शिवडीला, पाणीच उरलं नाही. खोटं वाटत असेल तर तिथला चिखल बघून या.