बालाघाटची गाठ

पाळण्यातल्या पुष्पीच्या गळ्यात साधनाला दोरा दिसला. धावत पाळण्याशी जाऊन तिने आधी दोरा सैल केला, मग लेकीचा श्वास पाहिला, मग कपाळाला हात लावला. तेव्हा कुठे तिने तो दोरा ओळखला. तिच्याच लाकडी पट्टीचा!

साधना इतिहासात एम.ए. झालेली. अरबी खलाशांच्या दर्यावर्दी परंपरेवर पीएच.डी. करायची, म्हणून तिने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. उद्या नागपूरला मुलाखत. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता. निदान त्या खलाशांचं एक साधन तरी हाताने करून न्यावं, एवढीच हौस. लाकडी पट्टी, मध्ये भोक, त्यात दोरा आणि दोऱ्याला गाठी. गाठ दातात धरून दोरा ताणायचा, पट्टीची खालची कड क्षितिजाला लावायची. उत्तरेकडे जावं तसा ध्रुव वर चढतो; तो वरच्या कडेवर बसला, की त्या गाठीचं बंदर आलं. बंदरागणिक गाठ.

"आत्याबाई, दोरा तुम्ही कापला?"

"हौ," तिच्या सासूबाई, दुर्गाबाई, तांदूळ निवडतच म्हणाल्या. "काहून व, भूत पाह्यल्यावानी करतेस? गंडा होय तो."

"गंडा?"

"तूच नाही का सांगे, ते मुसलमान खलाशी गाठी पाहू पाहू घरी येत? दर्ग्यावरच्या बाबाच्या गंड्याले बी गाठीच असतात. म्हनलं, इले बांधून देतो. पोरगी रडनार नाही, अन् माय बी वाट चुकनार नाही."

मुलाखतीचं कळल्यापासून साधना सासूच्या चेहऱ्यावर नकार शोधत होती. नवरा उकव्याच्या खाणीवर, शनिवारीच घरी येणारा. आत्याबाई नाही म्हणाल्या, तर नागपूर संपलं.

"म्हणजे मी जाऊ?"

"मंग का मी जाऊ? त्याइले का धान कांडून दाखवू?"

साधनाला हसू आलं आणि डोळेही भरले. "पण गळ्यात नको आत्याबाई, फास बसेल. अन् उद्या मी काय दाखवू?"

दुर्गाबाईंचा हात सुपात थांबला. आपण काय कापलं, ते त्यांना आता कळलं. त्यांनी तो दोरा पाळण्याच्या कडीला, पोरीच्या हाताला लागणार नाही असा बांधला. मग पुष्पीच्या कमरेचा काळा करदोडा सोडला. वाढतं अंग म्हणून तो लांबच ठेवलेला, वेढे घातलेला.

"हा घे. इचा तुह्यापाशी, तुहा इच्यापाशी."

"अन् हिची कंबर उघडी?"

"लुगड्याची दशी बांधतो तवरिक. बजारात नवा भेटते."

दिवेलागणीला साधना करदोडा पट्टीच्या भोकात ओवून परसात उभी राहिली. उत्तरेला लालबर्ऱ्याकडे धानाची शेतं सपाट होती, क्षितिज मोकळं. ध्रुव पट्टीवर बसला तशी तिने गाठ मारली.

मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं, "ही गाठ कोणत्या बंदराची?"

"बालाघाटची."

सगळे हसले. तीही हसली, पण गाठ कशी बांधतात, ते तिने नीट करून दाखवलं.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं तिथेच कळलं. त्या संध्याकाळी नागपुरात मैत्रिणीच्या गच्चीवर तिने करदोडा दातात धरला. त्याला अजून पुष्पीच्या तेलाचा वास होता. ध्रुव पट्टीच्या कडेशी आला; इथे दक्षिणेला केसभरच काय तो खाली. घर एवढंच लांब होतं.

"आत्याबाई," ती दात न उघडता पुटपुटली, "आलेच हं."