स्टाफचं माणूस

गल्लीत त्याला सगळे पायलट म्हणत. विमान सोडाच, त्याला साधी गाडी मागे घेताना घाम फुटायचा. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर बसून तो लोकांच्या बॅगा तोलायचा आणि बोर्डिंग पास द्यायचा, एवढंच. पण गणवेश होता, खांद्यावर पट्टी होती, गळ्यात ओळखपत्र होतं. सुरुवातीला त्याने दोन-तीनदा लोकांची चूक दुरुस्त केली. मग कशाला कुणाचं मन मोडा, म्हणून सोडून दिलं. पुढेपुढे तर कुणी सरळ नावाने हाक मारली की त्यालाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक हॉल आणि बहुतेक वेळा बंद असलेलं चहाचं यंत्र. सकाळी दुसऱ्या एका कंपनीचं विमान यायचं आणि दुपारी यांचं. दोन्ही मोठ्या शहरातून येत आणि तासाभरात तिकडेच परत जात. त्या एका दुपारच्या विमानाच्या जोरावर पायलटचा घरात काय तो रुबाब! कुणी प्रवासाचं नाव काढलं की हा मध्ये पडलाच म्हणून समजा. "कुठल्या वारी जाताय? शुक्रवारी? वेडे आहात का? शुक्रवारी भाडं आभाळाला भिडलेलं असतं. मंगळवारी जा." माणूस शुक्रवारच्या लग्नाला मंगळवारी जाऊन काय करणार, हे तो विचारात घेत नसे.

आणि मग मावशीचं निघालं.

मावशी त्याच्या आईची धाकटी बहीण. मोठ्या शहरात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, जिभेने तिखट. तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी तारीख दिली तशी तिने आईला फोन केला आणि कधी नव्हे ती हळू आवाजात बोलली. "ताई, मला आत नेतील ना, तेव्हा तू दारात उभी पाहिजेस. बाकी कुणी नको, काही नको. फक्त तू दिसलीस की मी जाईन आत."

"मी येते," आई म्हणाली. "आदल्या दिवशीच येऊन बसते बघ."

पायलटच्या बायकोने त्याच संध्याकाळी फोनवर भाडं शोधलं. "अहो, आत्ता एकदम स्वस्त दिसतंय. आईंचं तिकीट काढून टाकू?"

"खुळी की काय तू?" पायलट म्हणाला. "घरातला माणूस विमान कंपनीत, आणि त्याच्या आईने तिकीट विकत घ्यायचं? ऑफिसात माझं नाक कापशील."

स्टाफच्या घरच्यांना जवळजवळ फुकटात तिकीट मिळायचं, हे खरं होतं. फक्त एक मेख होती. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले आणि वर जागा उरली, तरच स्टाफच्या माणसाला ती मिळायची. ही मेख त्याने घरी सांगितली, नाही असं नाही. पण तोंडात घास असताना सांगितली.

"आणि जागा नसली तर?" बायकोने विचारलं.

"आमच्या मार्गावर अर्धं विमान हवा खात जातं. मला शिकवू नकोस."

पंधरवड्यात चित्र पालटलं. सकाळच्या कंपनीने परवडत नाही म्हणून हा मार्गच बंद केला आणि तिचे सगळे प्रवासी दुपारच्या विमानावर येऊन आदळले. त्यात शाळांना सुट्ट्या लागल्या. पायलट रोज संगणकावर जागा भरत जाताना बघायचा आणि भाडं चढत जाताना बघायचा. अजूनही तिकीट काढता आलं असतं. महाग पडलं असतं, पण पैशापेक्षा दुसरंच आडवं येत होतं. बायकोला सांगावं लागलं असतं की तुझं बरोबर होतं. ते त्याच्या घशाखाली उतरेना. आयत्या वेळी कुणीतरी येत नाहीच, असं तो स्वतःला समजावत राहिला.

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधीपासून त्याने आईला न्यायला सुरुवात केली. निघताना नियम सांगितले. स्टाफच्या माणसाने नीटनेटके कपडे घालायचे. काउंटरवर हट्ट करायचा नाही. कसल्या तिकिटावर चाललोय हे कुणाला सांगायचं नाही. इथपर्यंत कंपनीचे नियम होते. पुढचा एक त्याने आपल्या पदरचा घातला. "आणि मला तिथे 'अरे बाळा' वगैरे हाका मारू नकोस. ड्यूटीवर असतो मी."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. गरजच काय?"

आई हसली. तिला त्याचं कौतुकच वाटलं. ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पिशवी घेऊन ती हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. पहिल्या दिवशी विमान गच्च भरून गेलं. "उद्या नक्की," तो म्हणाला. "अरे, उद्या तर उद्या," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटर बंद करायची वेळ झाली आणि एक प्रवासी आला नव्हता. पायलटने घड्याळाकडे पाहिलं, शेजारी बसणाऱ्या मुलीकडे पाहिलं आणि काउंटर बंद केलं. मग आईचा बोर्डिंग पास काढला. शेवटची रांग, खिडकी. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं. आईने पास दोन्ही हातांनी घेतला आणि ठरल्याप्रमाणे काहीही न म्हणता, मान ताठ करून विमानाकडे चालत गेली. पायऱ्या चढताना तिने एकदाच मागे वळून पाहिलं. त्याने हात हलवला नाही, कारण मॅनेजर बाहेरच उभा होता.

तेवढ्यात तो राहिलेला प्रवासी आला. कानाला फोन, हातात लॅपटॉपची बॅग, घाई अजिबात नाही. दर आठवड्याला जाणारा, कुठल्याशा मोठ्या कारखान्याचा माणूस. मॅनेजर त्याला बघून पुढे धावला आणि मग काउंटरशी आला.

"यांना घ्यायचंय."

"सर, काउंटर बंद झालंय. जागा नाही," पायलट म्हणाला.

"शेवटच्या रांगेत स्टाफचं माणूस बसलंय ना कुणीतरी? उतरव."

इथे दोन वाक्यांचं काम होतं. ती माझी आई आहे. उद्या सकाळी तिच्या बहिणीचं ऑपरेशन आहे. मॅनेजर काही राक्षस नव्हता, नियमही या वेळी आईच्याच बाजूने होता. उशिरा येणाऱ्याची जागा गेली की गेली. पायलटने तोंड उघडलं आणि त्याला शेजारची मुलगी दिसली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांना असंच खाली ठेवायची वेळ आली होती. ती रडवेली झाली होती, आणि यानेच तिला चार लोकांत सुनावलं होतं, "फुकटच्या तिकिटाला हक्क नसतो, एवढं कळत नसेल तर घरच्यांना आणू नये."

ती मुलगी आता हळूच म्हणाली, "सर, मी सांगू का त्यांना? त्या तुमच्या आई आहेत ना?"

तिला कसं कळलं कुणास ठाऊक. दोन दिवस ती त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत असावी. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

"नियम म्हणजे नियम," पायलट म्हणाला आणि विमानाकडे चालायला लागला.

आईने पट्टा बांधला होता आणि ती खिडकीला नाक लावून बाहेर बघत होती. शेजारच्या बाईंशी तिची गट्टी जमलेली दिसत होती. पायलट रांगेपाशी येऊन उभा राहिला. सगळं विमान त्याच्याकडे बघत होतं, किंवा त्याला तसं वाटलं.

"मॅडम," तो म्हणाला. "तुम्हाला खाली यावं लागेल."

स्वतःच्या आईला तो मॅडम म्हणाला! शब्द तोंडातून गेला आणि त्याचे कान तापले. आईने वर पाहिलं. क्षणभर तिला काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि तिने पट्टा सोडायला सुरुवात केली. तो तिला सुटेना. त्याला वाकून सोडवावा लागला.

"काय झालं हो?" शेजारच्या बाईंनी त्याला विचारलं. "तिकीट आहे ना त्यांच्याकडे? असं कसं उतरवता?"

"नाही हो, त्यांचा काही दोष नाही," आई घाईघाईने म्हणाली. "मीच बोलावलं त्यांना. मला भीती वाटायला लागली. जीव घाबरला एकदम."

त्याने वरच्या कप्प्यातून तिची पिशवी काढली. रोज तो कुणा ना कुणा म्हाताऱ्या माणसाची पिशवी पायऱ्यांपर्यंत, पायऱ्यांखाली, कधीकधी तर रिक्षापर्यंत नेऊन द्यायचा. आईने हात पुढे केला आणि त्याने ती तिच्या हातात दिली. पायऱ्यांवर लॅपटॉपवाला त्यांच्या बाजूने वर गेला. त्याने "थँक्यू" म्हटलं, आईला नव्हे, पायलटला.

मग आई बसने गेली. रात्रभराचा प्रवास, मध्ये एकदा गाडी बदलणं. ती पोहोचली तेव्हा मावशीला आत नेऊन बराच वेळ झाला होता.

मावशी वाचली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पायलटने या एका गोष्टीचा पुढे फार आधार घेतला. आई तिच्याजवळ राहिली, तिचं सगळं केलं. महिन्याभराने पायलट तिला आणायला गेला. सुट्ट्या संपल्या होत्या, विमान अर्धं रिकामं होतं. त्याला खिडकी मिळाली, पण सबंध प्रवासात त्याने बाहेर पाहिलं नाही.

मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती, अर्धी झालेली. आई खाली बसून मटार सोलत होती. मावशीने त्याला जवळच्या स्टुलावर बसवलं, काम कसं चाललंय विचारलं, मग एकदम म्हणाली, "आता तू मला खरं सांग. ही कशी काय घाबरली?"

पायलटने वाकून मटारची एक शेंग उचलली.

"अरे, लहानपणी झाडाच्या शेंड्यावर ही चढायची आणि मी खाली उभी राहून रडायचे. विहिरीत पहिली उडी हिची. आमच्या वडिलांना कुत्रा चावायला आला तर ही काठी घेऊन पुढे झाली होती. त्या दिवशी मला स्ट्रेचरवर घेतलं, मी दाराकडे बघत होते. आत जाईपर्यंत बघत होते. आणि ही म्हणते मी घाबरले, उतरले. माझा विश्वासच बसत नाही. तू होतास ना तिथे? खरंच स्वतःहून उतरली?"

आईने मान वर केली नाही. फक्त तिची बोटं थांबली.

त्याला वाटलं, आता. आता सांगून टाकावं. मावशी चार शिव्या देईल, कदाचित चपलेने मारेल, आणि दोघी बहिणी पुन्हा पहिल्यासारख्या होतील.

"हो," तो म्हणाला. "घाबरली जरा."

आईची बोटं पुन्हा चालू लागली.

"म्हणजे म्हातारी झालीस की गं तू, ताई," मावशी म्हणाली. तिचा राग गेला होता. रागाच्या जागी जे आलं ते ऐकवत नव्हतं.

"झालेच की," आई म्हणाली.

"मग हिला आता परत विमानात कोंबू नकोस बाबा. बसने ने."

"हो, बसच बरी," आई म्हणाली.

त्याच्या खिशात दुसऱ्या दिवशीच्या विमानाची स्टाफची दोन तिकिटं होती. या वेळी जागा होत्या, पाहिजे तेवढ्या.

ते बसने निघाले. शहर मागे पडलं. मग तो म्हणाला, "आई, मी मावशीला फोन करून सांगतो."

"काय?"

"खरं काय ते."

"नको," आई म्हणाली. "माझ्यावर रागावली, रागावू दे. बहीणच आहे ती. पण दवाखान्यात सगळ्या नर्सबायांना तिने सांगून ठेवलं होतं, माझा भाचा विमान कंपनीत आहे, तो माझ्या बहिणीला घेऊन येतोय." तिने मांडीवरची पिशवी उघडली. "तेवढं राहू दे तिच्याकडे."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याला दिली आणि डोकं मागे टेकलं. थोड्या वेळाने तिला झोप लागली. खिडकी त्याच्याकडे होती. तिला विचारायचंही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.