कराव्याची तिसरी प्रत

आइसलंडचे मुत्सद्दी एइनार नवी मुंबईतल्या करावे गावात आले, तेव्हा त्यांना वाटलं होतं की सह्यांचं काम दहा मिनिटांत आटपेल. करार साधाच होता. त्यांचं सरकार मासळी सुकवायला बंद शेड बांधून देणार, जागा तरुण मंडळाची, कारभार मच्छीमार सोसायटीचा, आणि शेड वापरणार सगुणाबायचा महिला गट. दुभाषी म्हणून सीवूड्सला राहणारी वैदेही सोबत होती.

अडचण एवढीच, की सोसायटीचे चेअरमन देवजी आणि मंडळाचा अध्यक्ष धनेश हे सख्खे काका-पुतणे होते आणि येत्या महापालिका निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहणार होते. शेड दोघांनाही हवी होती. दुसऱ्याचं नाव आपल्या नावाच्या वर मात्र कुणालाच नको होतं.

एइनारनी शांतपणे सांगितलं, मंजुरीची मुदत आज संपते. संध्याकाळच्या आत सह्या झाल्या नाहीत तर शेड दुसऱ्या देशाला जाईल. वैदेहीने ते मराठीत सांगताना पदरचं एक ‘प्लीज’ घातलं.

“आमी कुठं नाय म्हनतो?” देवजी म्हणाले. “पन मी काका हाय. नाव माझं पयलं.”

धनेशने उत्तरादाखल मंडळाच्या जागेचे कागद टेबलावर ठेवले.

तेव्हा एइनारनी आपल्या खात्यातली जुनी रीत सांगितली. दोन देश करार करतात, तेव्हा प्रत्येकाच्या प्रतीत त्याचंच नाव आधी असतं. तोडगा दोघांना पटला. वैदेही नाक्यावर जाऊन नव्या प्रती काढून आली. दोघांनी आपापली प्रत वाचली, मग दुसऱ्याचीही वाचली, आणि तोंड वाकडं केलं. पण पेन उघडता उघडता धनेश थांबला. आइसलंडला जाणाऱ्या तिसऱ्या प्रतीत कुणाचं नाव आधी?

एइनारनी घड्याळ पाहिलं. दोन देशांमधला समुद्राच्या हद्दीचा तंटा आपण एकदा मिटवला होता, असं ते वैदेहीला हळूच म्हणाले. पण ते देश एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

सगुणाबाय दोन तास कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती. ती उठली.

“त्यात माझं नाव वर टाका,” ती म्हणाली. “माझे बोंबील उन्हात परलेत, कुत्रे फिरतान तिथं. मला जाव दे.”

देवजींनी विचार केला, धनेशपेक्षा सगुणा बरी. धनेशच्या मनातही काकांबद्दल नेमकं तेच आलं. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

वैदेही पुन्हा नाक्यावर पळाली. प्रत आल्यावर सगुणाबायने अक्षर अक्षर जोडत सही केली. मग उरलेल्या दोन प्रती ओढून घेतल्या आणि त्यांतही, सगळ्यांच्या वर मोकळी जागा दिसली तिथं, तेवढ्याच सावकाश सह्या ठोकल्या. कुणी काही बोलायच्या आत ती चपला घालून बाहेर पडली होती.

हे चालतं का, असं काका-पुतण्यांनी एका आवाजात विचारलं. वैदेहीने भाषांतर करायच्या आधीच एइनारनी मान डोलावली आणि दोघांच्या हातात एकेक पेन दिलं.