मेट्रनबाईंची भिंत

मी सुतार. देवगडचा पुंडलिक घाडी. नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज कुवेतमध्ये घुसली तेव्हा मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात कामाला होतो. महिन्याभरात हुकूम आला: प्रत्येक वॉर्डात त्यांच्या साहेबाचा फोटो लागला पाहिजे. त्यांचा कप्तान एकोणीस फोटो आणि एक कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. कागद म्हणजे शनिवारच्या अम्मानच्या बसचा परवाना; तिथून पुढे घरचं विमान. फोटो लाव, शिक्का घे, घरी जा. घरी माझी बायको नर्मदा सातव्या महिन्यात होती, आणि फोन तर कधीचे बंद.

अठरा लावले. खोटं कशाला बोलू? मुकाट लावले.

एकोणिसावा प्रसूतीच्या वॉर्डात. तिथे मेट्रनबाई भिंतीला पाठ लावून उभ्या. बाई बेलफास्टच्या, आयरिश, वीस वर्षं इथे आपल्याकडच्या नर्सांबरोबर राहून हिंदी शिकलेल्या.

"इथे नाही लागणार."

"बाई, घरी बायको सातव्या महिन्यात. माझी वाट का अडवता?"

"आम्ही कॅथलिक, आमच्यावर राज्य प्रोटेस्टंट इंग्रजांचं," त्या म्हणाल्या. "तेव्हा राजा होता, आता राणी. माझा बाप जहाजाच्या कारखान्यात सुतार. कामाच्या बाकड्यावर राजाचा फोटो लाव, सोबतचे कामगार म्हणाले. नाही लावला. दुसऱ्या दिवशी त्याची सगळी हत्यारं खाडीत."

सुताराची हत्यारं पाण्यात! अरे, हात कलम केला असता तरी परवडलं असतं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

मग बाई बाजूला सरकल्या. "पण तू लाव. बायको वाट बघतेय तुझी. मी तोंड फिरवते."

शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. ती दया मला सोसेना. मी हातोडा खाली ठेवला.

तेवढ्यात कप्तान आलाच. "हा का राहिला?"

बाई काही बोलणार, तोच मी मोडक्या अरबीत म्हटलं, "मी लावला नाही. लावणारही नाही."

त्याने परवाना माझ्या नाकापुढे नाचवला. "अठरा लावलेस. एकासाठी मरतोस, गाढवा?"

"मग ते अठराही काढतो!"

कानाखाली अशी बसली की रिकाम्या पाळण्यावर जाऊन आदळलो. कागदाचे तुकडे माझ्या अंगावर टाकून तो चालता झाला. भीती वाटली का? वाटली ना. पण शब्द तोंडातून गेला होता. शिपाई जेवायला बसले तशी मी शिडी घेतली आणि एकेक खिळा उपटला. शिडी धरायला मेट्रनबाई.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी मला बडवून फोटो पुन्हा लावले, तेही वाकडे. शनिवारी बस माझ्याशिवाय गेली. मुलगी झाल्याचं मला कुवेत सुटल्यावर, मार्चात कळलं. तोवर पोर चार महिन्यांची झाली होती, आणि गावाने मला मेला म्हणून सोडून दिलं होतं.

नर्मदा अजून चिडते. "एका फोटोपायी?"

"एका नाही गो," मी म्हणतो, "एकोणीस."