हरण्याचाही हेवा

घरोघरी मोबाइल येऊ लागले होते, त्या वर्षांतला एक रविवार. अंबरनाथच्या कामगार वसाहतीत महेंद्रच्या घरी मटण शिजत होतं आणि माहेरी आलेली थोरली लेक रुचिका कांदा चिरता चिरता मनातून जळत होती. कारण धाकट्या अस्मिताची, वय वर्षे सतरा, एकोणीस वर्षांखालील मुलींच्या भारतीय फुटबॉल संघात निवड झाली होती. वसाहतीच्या त्याच मैदानावर रुचिकाही खेळली होती, आणि बहिणीपेक्षा सरस. पण सोळाव्या वर्षीच तिला बदलापूर गावात नांदायला धाडलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी महेंद्रला शाबासकी दिली.

आता पाळी अस्मिताची. भावाच्या मुलीवर पहिला हक्क आपल्या मुलाचा, ही रीत बनूआत्यानं घट्ट धरलेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून हा हक्क सांगताना तिला काही वावगं वाटत नव्हतं, आणि ऐकताना आपल्यालाही वाटत नाही. पोरगी परदेशी जाण्याआधी लग्न उरकायचं, हा तिचा हेका. तिच्या हाती मुद्दा दिला होता रुचिकानंच. हा संघ बाहेर जातो आणि पहिल्याच फेरीत मार खाऊन येतो, मग जायचं कशाला? जळणाऱ्या माणसाला असली माहिती बरोबर सापडते.

महेंद्र होकार द्यायच्या बेतात होता. अस्मिता दारात मुकाट उभी होती. रुचिका पाणी घेऊन बाहेर आली, तशी आत्यानं कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हिच्याकडं बघ. कशी गपचूप संसार करते. कुणालापण हेवा वाटंल."

"कोणाला वाटतो?" रुचिका म्हणाली. "मी अस्मितावर जळते, आत्या. रोज जळते. माझ्यावर जळणारी एक पोरगी दाखव, मग लाव हिचं लग्न."

महेंद्रनं थोरलीकडे बघितलं आणि तो बहिणीला म्हणाला, हे लग्न होणार नाही. आत्या न जेवताच उठली. बोलणं तुटलं ते तुटलंच.

संघ गेला आणि सगळे सामने हरून परत आला. नातेवाइकांनी हसून घेतलं. अस्मिता उशीत तोंड खुपसून रडत होती. रुचिका तिच्या उशाशी बसली होती. तिचा हेवा गेला नव्हता, उलट वाढला होता.

"रड पोटभर," ती म्हणाली. "मला तर हरायलापण भेटलं नाही."