टेबलाखाली गेलेला केक

सुट्टीत घर पाहुण्यांनी भरलं की घरातल्या कुत्र्याला कोण काय चारतंय, याचा कुणाला पत्ता नसतो. टेलरमास्तरांच्या घरी तेच चाललं होतं. लेक-जावई राहायला आले होते, मुलगा रजेवर होता, आणि ढब्बू, त्यांचा ठेंगणा, लोंबत्या कानांचा कुत्रा, टेबलाखाली ज्याच्या त्याच्या गुडघ्याला नाक घासत फिरत होता.

मास्तरांचा सारा जन्म शिलाई मशीनवर गेला. मधुमेह निघाल्यापासून त्यांच्या गोड खाण्यावर घरात पहारा बसला होता. म्हणून या सुट्टीत सुनेनं त्यांच्यापुरता वेगळा केक केला, साखरेऐवजी दुकानातून आणलेली गोड पावडर घालून.

"बाबा, हा फक्त तुमचा. आज कुणी टोकणार नाही!"

पहिला घास घेतला आणि मास्तरांना वाटलं, ओला खडू चावतोय. पण सून समोरच उभी होती. दुपारभर ओव्हनपुढे राबलेली पोर! तिला काय सांगायचं?

"वा, झकास!" ते म्हणाले.

ती स्वयंपाकघरात वळली आणि केकचा तुकडा टेबलाखाली गेला. मग दुसरा. मग उरलेला सगळा.

"संपवलात पण?" रिकामी ताटली बघून सून हरखून गेली. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला.

चहाचे कप धुवून व्हायच्या आत ढब्बू ओकला. उठायला गेला तर पाय फाकले, भिंतीवर जाऊन आपटला. पाठोपाठ अंगाला झटके सुरू झाले. मास्तरांनी त्याला चादरीत गुंडाळलं आणि मुलानं गाडी काढली. सगळे मागोमाग जनावरांच्या दवाखान्यात धावले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "साखर पार तळाला गेलीय. सुईतून देतेय, पण टिकत नाही. काय खाल्लंय यानं?"

"मी बिस्किट दिलं," जावई पुटपुटला. "एकच हं."

"बिस्किटानं असं होत नाही. विषारी काहीतरी पोटात गेलंय. नुसत्या अंदाजावर किती वेळ झुंजू?"

मुलगा उसळला. "समोरच्या काकांचंच काम! भुंकतो म्हणून परवाच कटकट करत होते. थांबा, आत्ताच फोन लावतो!"

मास्तरांच्या मनात आलं, केकबद्दल बोलावं? पण त्यात तर साखरसुद्धा नव्हती. त्यानं काय व्हायचंय? आणि सुनेच्या तोंडाकडे कुठल्या तोंडानं बघायचं?

टेबलावर ढब्बूचं अंग पुन्हा ताठ झालं. डोळे पांढरे झाले.

"ठेव तो फोन!" मास्तर ओरडले. "माझा केक खाल्लाय त्यानं. सगळा. मीच चारला!"

सून बघतच राहिली. "पण तुम्ही तर झकास म्हणालात..."

"नव्हता गं आवडला! तुझं मन मोडवेना. म्हटलं, बिनसाखरेचा आहे, मुक्या जिवाला उलट बराच."

"साखरेऐवजी काय घातलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झायलिटॉल," सून म्हणाली.

"अरे देवा! माणसाला चालतं हो ते, कुत्र्याला नाही. त्याचं शरीर फसतं आणि रक्तातली खरी साखर उडवून टाकतं. यकृतालाही धोका असतो. आता कळलं कशाशी लढायचंय!" त्या कामाला लागल्या.

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. "आमच्या लहानपणी ताटातलं उरलेलं कुत्र्यापुढेच जायचं हो."

"तेव्हाच्या ताटात असली पावडर कुठं होती, आजोबा? आणि चॉकलेट, बेदाणे, कांदा, हे तर तेव्हाही त्यांना घातकच होतं. आपल्याला पथ्याचं म्हणून त्यांना पथ्याचं, हे आपणच ठरवून टाकतो."

झटके थांबले, पण ढब्बू हलेना. खिडकीतलं ऊन उतरलं तरी मास्तरांचा हात त्याच्या कानावरून निघाला नाही. "ऊठ रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एकदा माझ्याकडे बघ."

शेवटी त्यानं पापणी उघडली. शेपटीचं टोक जेमतेम हललं.

"जिवंत आहे!" सून रडतच हसली. "बाबा, यापुढे नाही आवडलं तर तोंडावर सांगायचं."

"मग तुझी कॉफीसुद्धा..."

"बाबा!"

"आज इथंच ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृताचं उद्याही तपासावं लागेल. सुटला, असं मी अजून म्हणणार नाही."

मंडळी, आपण पुढे करू ते हे मुके जीव डोळे मिटून खातात. त्यात काय आहे, हे बघण्याचं काम आपलं. सुट्टीत पाहुण्यांनाही हे आधीच सांगावं, त्यात कसला संकोच? आणि चूक झालीच, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना खरं सांगावं, तेही लगेच. आपण गप्प बसतो तेवढा वेळ त्याच्या आयुष्यातला जातो.